डब्याचे तुणतुणे

“तेच तुणतुणे किती वेळ वाजवशील?” असे आपण घरात सहज बोलून जातो. ज्या वाद्यावरून हा बोल आला, ते मात्र आपल्या मुलांपैकी फार थोड्यांनी हातात घेतले असेल. बीदर, भालकी, बसवकल्याणकडील अनेक मराठी घरांत लग्नकार्यानंतर देवीचा गोंधळ घालण्याची चाल आहे. तेथे संबळाच्या कडकडाटामागे एकच स्वर अखंड धरून ठेवते ते तुणतुणे. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या जोगत्यांचे चौंडके याच कुळातले. भाषा दोन, पण वाद्याची घडण एकच. हे वाद्य घरी कसे करावे, ते या महोत्सवी अंकात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

त्यातले मर्म सोपे आहे. नुसती ताणलेली तार फार क्षीण वाजते, कारण बारीक तारेने हवा फारशी हालत नाही. तिचे एक टोक पातळ पडद्याला बांधले की पडदा थरथरतो आणि पोकळ नळ्यातून आवाज मोठा होऊन बाहेर पडतो. खऱ्या तुणतुण्यात लाकडी नळा आणि बकऱ्याचे कातडे असते. नवशिक्याला पत्र्याचा रिकामा गोल डबा पुरतो. त्याचा तळ हाच पडदा.

डबा सुमारे 10 सेंटिमीटर रुंद व 15 सेंटिमीटर उंच असावा. झाकण काढून तोंडाची धार कानशीने घासून घ्यावी. तळाच्या बरोबर मध्यावर बारीक खिळ्याने भोक पाडावे. सुमारे 75 सेंटिमीटर लांबीची बांबूची काठी डब्याच्या बाहेरच्या अंगाला दोन स्क्रूंनी, वायसर घालून, घट्ट बसवावी. काठीच्या वरच्या टोकाशी भोक पाडून त्यात निमुळती लाकडी खुंटी बसवावी. खुंटी घसरत असेल तर तिला खडू चोळावा. मग सितारीची पोलादी तार तळाच्या भोकातून आत घ्यावी. बाहेरच्या टोकाला धातूचे बटण बांधावे, म्हणजे गाठ पत्रा फाडणार नाही. दुसरे टोक डब्याच्या उघड्या तोंडातून वर नेऊन खुंटीला गुंडाळावे. तार डब्याच्या काठाला कोठेही लागता कामा नये. लागली तर झणझणते. खुंटी हळूहळू पिळावी व त्या वेळी तोंड दूर ठेवावे, कारण तुटलेली तार डोळ्याला इजा करते. लहान मुलांजवळ मोठ्या माणसाने बसावे.

एका स्वरावर समाधान नसेल, तर पातळ झाकणाची लाकडी पेटी घ्यावी, तिच्यातून लांब पट्टी आरपार बसवावी आणि दोन घोड्यांमध्ये 60 सेंटिमीटर तार ताणावी. पट्टीकडील घोडीपासून 15 सेंटिमीटरवर तार दाबली तर मध्यम, 20 वर पंचम आणि 30 वर, म्हणजे बरोबर निम्म्यावर, तार षड्ज मिळतो. स्वरांचे गणित मुलांना पाठ करण्याऐवजी बोटाने कळते.

अमेरिकेत सिगारच्या रिकाम्या पेट्यांची अशीच वाद्ये गरिबांनी केली. पुढे मोठा नावलौकिक मिळवलेला गायक कार्ल पर्किन्स (1932–1998) याची पहिली गिटार सिगारची पेटी आणि झाडूचा दांडा यांचीच होती. त्याचे आईबाप दुसऱ्याच्या शेतात वाट्याने राबत.

आज भजनाला विजेवरचा तंबोरा मिळतो, आणि तो सोयीचाही आहे. परंतु संगीत ही पैसे टाकून दुकानातून आणायची वस्तू आहे, असा मुलांचा समज झाला, तर ज्याच्या खिशात पैसे नाहीत ते मूल गाण्याच्या दारातूनच परत जाईल. तसे होऊ नये, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच. येत्या सुट्टीत सभासद बंधुभगिनींनी घरातला एक रिकामा डबा रद्दीत न देता मुलांच्या हाती द्यावा आणि शेजारी बसून पहिली खुंटी स्वतः पिळावी.