बोलत नाही, की ऐकू येत नाही?

प्रतिनिधी

दोन-सव्वादोन वर्षांचे मूल. चालते, पळते, हसते, घरभर पसारा घालते. हवे ते बोट दाखवून मागते. शब्द मात्र मोजकेच आणि तेही घरच्यांनाच कळणारे. आईच्या मनात शंकेची पाल चुकचुकते, पण वडीलधारी मंडळी धीर देतात. 'याचे बाबासुद्धा तीन वर्षांचे होईपर्यंत बोलत नव्हते', 'मुलगे उशिराच बोलतात', 'शाळेत जायला लागला की आपोआप बोलेल'. कुणी पाळणाघरात घालण्याचा सल्ला देते, कुणी टीव्ही आणि मोबाइल बंद करण्याचा. या साऱ्या चर्चेत एक साधा प्रश्न मात्र बहुतेक वेळा विचारलाच जात नाही. या मुलाला नीट ऐकू येते का?

प्रश्न निघालाच, तर उत्तरही तयार असते. 'ऐकू येते की! दाराची बेल वाजली की पहिला तोच धावतो.' गफलत होते ती येथेच. बेल ऐकू येणे आणि बोलणे ऐकू येणे यांत बरेच अंतर आहे. लहान मुलांमध्ये हे अंतर निर्माण करणारे अतिशय सर्वसाधारण कारण म्हणजे कानाच्या पडद्यामागे साचणारा द्रव. वैद्यकीय परिभाषेत त्याला 'ओटायटिस मीडिया विथ इफ्यूजन' म्हणतात. 'ग्लू इअर' हे त्याचे अधिक प्रचलित नाव.

पडद्यामागे काय घडते?

कानाच्या पडद्याच्या आत मध्यकर्ण नावाची छोटीशी पोकळी असते. हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन इवलीशी हाडे याच पोकळीत असतात. पडद्यावर आदळलेली ध्वनीची कंपने ती अंतर्कर्णापर्यंत पोहोचवतात. हे काम सुरळीत होण्यासाठी पोकळीत हवा असणे आवश्यक असते. ती हवा येते नाकाच्या मागील भागातून कानापर्यंत जाणाऱ्या युस्टेशियन नलिकेतून. आपण आवंढा गिळतो किंवा जांभई देतो, तेव्हा ही नलिका क्षणभर उघडते आणि आतला-बाहेरचा हवेचा दाब समान होतो.

मोठ्या माणसांत ही नलिका तिरकी, उतरती असते. लहान मुलांत ती आखूड, अरुंद आणि जवळजवळ आडवी असते. त्यामुळे साध्या सर्दीनेही ती बंद होऊ शकते. नाकामागच्या अ‍ॅडिनॉइड ग्रंथी वाढल्या असतील, तर तिच्या कार्यात आणखी अडथळा येतो. नलिका बंद झाली की पोकळीतली हवा हळूहळू शोषली जाते, दाब कमी होतो आणि आतल्या अस्तरातून द्रव पाझरू लागतो. सुरुवातीला पाण्यासारखा पातळ असलेला हा द्रव काही मुलांत पुढे डिंकासारखा चिकट होतो. 'ग्लू इअर' हे नाव त्यावरूनच पडले. पावसाळ्यात सर्दावलेला तबला जसा बद्द वाजतो, तशीच अवस्था मग कानाच्या पडद्याची होते.

याबाबत दोन गैरसमज आढळतात. हे आंघोळीच्या वेळी कानात गेलेले पाणी नव्हे. ते पाणी पडद्याच्या बाहेरच राहते. आणि हे 'कान वाहणे' किंवा 'कान फुटणे'ही नव्हे. कानाच्या तीव्र संसर्गात मुलाला ताप येतो, कान ठणकतो, मूल रडून घर डोक्यावर घेते. येथे यातले सहसा काहीच होत नाही. मूल रडत नाही, म्हणून कुणाचे लक्ष जात नाही.

ही व्याधी दुर्मीळ तर नाहीच. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार, शाळेत जाण्याच्या वयापर्यंत सुमारे ९० टक्के मुलांच्या कानात केव्हा ना केव्हा असा द्रव साचतो. सहा महिने ते चार वर्षे या वयात त्याचे प्रमाण अधिक असते. बहुतेकांचा द्रव तीन महिन्यांच्या आत आपोआप नाहीसा होतो. मात्र ३० ते ४० टक्के मुलांत तो पुन्हा साचतो आणि पाच ते दहा टक्के वेळा वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ टिकतो. प्रश्न आहे तो या मागे उरणाऱ्या मुलांचा.

बेल पोहोचते, शब्द हरवतात

द्रव साचलेल्या मुलांचा श्रवणक्षमतेचा उंबरठा सरासरी २५ डेसिबलच्या आसपास असतो. दर पाच मुलांमागे एकाचा तो ३५ डेसिबलहून अधिक असतो. म्हणजे त्याहून हळू आवाज त्यांना ऐकूच येत नाहीत. कुजबुज साधारण ३० डेसिबलची, तर समोरासमोरचे बोलणे ६० डेसिबलच्या जवळपास असते. याचा अर्थ असा, की कुकरची शिट्टी, दाराची बेल, फटाके हे सारे मुलाला ऐकू येते. जवळ बसून मारलेल्या गप्पाही बऱ्याचशा कळतात. पण मिक्सर सुरू असताना स्वयंपाकघरातून आईने दिलेली हाक, टीव्हीच्या आवाजात मागून कुणी काढलेले उद्गार, रस्त्यावरच्या गोंगाटात आजोबांनी सांगितलेले चार शब्द अर्धेमुर्धेच पोहोचतात.

दोन्ही कानांत बोटे घालून घरातले संभाषण ऐकून पाहावे, म्हणजे या स्थितीची थोडीफार कल्पना येते. मोठ्या माणसाला तरीही संदर्भाने अर्थ लागतो, कारण शब्द त्याला आधीच ठाऊक असतात. मुलाजवळ ते भांडार नसते. ते भरण्याचेच काम सुरू असते. 'सात', 'हात' आणि 'भात' यांतला पहिलाच वर्ण पुसट ऐकू आला तर तीनही शब्द सारखेच. 'घरात', 'घरी', 'घराला' यांतले शेवटचे हलके अक्षर निसटले तर त्यातला फरकही निसटतो. जे ऐकले नाही, ते मूल उच्चारणार कसे?

त्यात आणखी एक गुंतागुंत असते. द्रव कमी-जास्त होत राहतो. सर्दी झाली की ऐकणे मंदावते, पंधरा दिवसांनी सुधारते, पुन्हा मंदावते. कालपर्यंत हाकेसरशी वळणारे मूल आज वळत नाही. पालक समजतात, की ते हट्टी झाले आहे किंवा मुद्दाम दुर्लक्ष करते आहे. पाठीमागून हाक मारल्यावर न वळणे, चेहरा समोर असतानाच प्रतिसाद देणे, टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसणे, सारखे 'काय?' विचारणे, अडखळून पडणे ही लक्षणे म्हणूनच गांभीर्याने घ्यावीत. रात्री घोरणे आणि तोंडाने श्वास घेणे ही अ‍ॅडिनॉइड वाढल्याची खूण असू शकते.

दोष द्रवाचाच का?

कानात द्रव सापडला आणि मूल बोलत नाही, म्हणजे कारण मिळाले, असा निष्कर्ष काढणे सोपे असते. विज्ञान मात्र सावधगिरीचा इशारा देते. अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे बालरोगतज्ज्ञ डॉ. जॅक पॅराडाइज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच प्रश्नाचा दीर्घ अभ्यास केला. तीन वर्षांच्या आतील, एरवी निरोगी असलेल्या, पण कानात द्रव टिकून राहिलेल्या मुलांचे दोन गट करण्यात आले. एका गटावर लगेच शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या गटात काही महिने थांबून, द्रव कायम राहिला तरच ती करण्यात आली. पुढे तीन, चार, सहा आणि नऊ ते अकरा वर्षांच्या वयात या मुलांची वाचा, भाषा आणि बुद्धी तपासण्यात आली. दोन्ही गटांत उल्लेखनीय फरक आढळला नाही. हे निष्कर्ष २००१ ते २००७ या काळात प्रसिद्ध झाले. निरोगी मुले द्रव ओसरल्यावर मागे पडलेले अंतर भरून काढतात, हा दिलासा त्यातून मिळाला.

पण हा दिलासा सरसकट लागू होत नाही. ज्यांचे बोलणे आधीच मागे आहे, ज्यांचा टाळू दुभंगलेला आहे, ज्यांना डाउन सिंड्रोम, स्वमग्नता किंवा दृष्टिदोष आहे, अशा मुलांना थोडेसे कमी ऐकू येणेही महागात पडते. त्यांच्याबाबतीत 'थांबा आणि पाहा' हे धोरण पुरेसे नसते.

दुसरी बाब अधिक महत्त्वाची आहे. बोलणे लांबण्यामागे कायमस्वरूपी बहिरेपणही असू शकते. दर हजार नवजात बालकांमागे साधारण एक ते तीन बालकांना ते जन्मतःच असते. अशा बालकांचे निदान तीन महिन्यांपर्यंत आणि उपचार सहा महिन्यांपर्यंत सुरू व्हावेत, हा आंतरराष्ट्रीय निकष आहे. कारण भाषा आत्मसात करण्याची मेंदूची क्षमता पहिल्या काही वर्षांतच सर्वाधिक असते. म्हणून 'द्रव आहे, ओसरला की बोलेल' असे म्हणून शोध थांबवणे जितके चुकीचे, तितकेच 'शाळेत गेला की बोलेल' म्हणून तो सुरूच न करणेही.

तपासणी वेदनारहित

घरी टाळी वाजवून किंवा ताटली आपटून केलेली परीक्षा ही श्रवणतपासणी नव्हे. कान-नाक-घसा तज्ज्ञ प्रथम ऑटोस्कोपने पडदा पाहतात. टिंपॅनोमेट्री या चाचणीत कानाच्या तोंडाशी एक लहानसे टोक बसवून हवेचा दाब किंचित बदलला जातो आणि पडदा किती हलतो याचा आलेख मिळतो. मागे द्रव असेल तर आलेखावर उंचवट्याऐवजी जवळजवळ सपाट रेष उमटते. या चाचणीला मिनिटभरही लागत नाही आणि ती दुखत नाही.

मात्र द्रव आहे हे कळले, तरी किती ऐकू येते हे त्यातून कळत नाही. त्यासाठी वयानुसार वेगळी चाचणी असते. सहा महिन्यांपासून साधारण अडीच वर्षांपर्यंतच्या मुलांना आवाजाच्या दिशेला वळल्यावर उजळणारे खेळणे दाखवले जाते. त्याहून मोठ्यांना आवाज ऐकू आला की ठोकळा डब्यात टाकायला सांगतात. जी मुले सहकार्य करत नाहीत, त्यांची झोपेत 'बेरा' चाचणी करता येते. जन्मानंतरच्या चाचणीत उत्तीर्ण झालेल्या मुलालाही पुढे कमी ऐकू येऊ शकते, हे पालकांनी ध्यानात ठेवायला हवे.

घाई नको, दिरंगाईही नको

एरवी निरोगी मुलाच्या कानात द्रव आढळला, तर तज्ज्ञ साधारण तीन महिने वाट पाहून पुन्हा तपासणी करतात. या काळात प्रतिजैविके, अ‍ॅलर्जीची औषधे, नाक मोकळे करणारी औषधे किंवा स्टेरॉइड देऊन द्रव ओसरण्यास मदत होत नाही, म्हणून ती देऊ नयेत, असे २०१६ च्या सूचना सांगतात. मालीश करताना कानात कोमट तेल सोडण्याची रीत अनेक घरांत आहे. पडदा शाबूत असेल तर ते तेल द्रवापर्यंत पोहोचतच नाही. पडद्याला छिद्र असेल तर अपाय होण्याचीच भीती.

दोन्ही कानांतला द्रव तीन महिन्यांनंतरही कायम असेल आणि ऐकणे कमी झाल्याचे चाचणीत दिसले, तर 'ग्रोमेट' बसवण्याचा विचार होतो. पडद्याला बारीक छेद देऊन द्रव शोषून घेतात आणि त्यात दोन-एक मिलिमीटरची पोकळ नळी बसवतात. नलिकेचे हवा पोहोचवण्याचे काम काही काळ ही नळी करते. अमेरिकेतील डॉ. बेव्हर्ली आर्मस्ट्राँग यांनी १९५४ मध्ये ही पद्धत रूढ केली. भूल देऊन काही मिनिटांत होणारी ही शस्त्रक्रिया असून मूल बहुधा त्याच दिवशी घरी जाते. नळी साधारण सहा ते अठरा महिन्यांत आपोआप गळून पडते. काही मुलांत त्यानंतर कान वाहतो, मोजक्या मुलांत छिद्र राहून जाते, याची कल्पना पालकांनी आधीच घ्यावी. शस्त्रक्रिया नको असल्यास तात्पुरते श्रवणयंत्र हाही पर्याय आहे.

ग्रोमेटमुळे ऐकू येऊ लागते. बोलणे मात्र शिकवावे लागते. भाषा मागे पडली असेल तर स्पीच थेरपीची जोड आवश्यक ठरते. वाट पाहण्याच्या काळातही घरी करण्यासारखे पुष्कळ असते. मुलाच्या समोर, त्याच्या उंचीवर बसून बोलावे. बोलताना टीव्ही बंद ठेवावा. गोष्टी सांगाव्यात, बडबडगीते म्हणावीत. घरात धूम्रपान होऊ देऊ नये आणि बाळाला आडवे झोपवून बाटलीने दूध पाजू नये.

कोठे जावे?

राज्यातील मोठ्या शासकीय रुग्णालयांच्या कान-नाक-घसा विभागात श्रवणतपासणी होते. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. त्यात श्रवणदोष, मध्यकर्णाचे विकार आणि भाषाविकासातील विलंब या तिन्हींचा समावेश आहे. दोष आढळलेल्या मुलांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते. मुंबईत वांद्रे रेक्लमेशन येथे १९८३ मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय वाक् आणि श्रवण दिव्यांगजन संस्था हे या क्षेत्रातले प्रमुख केंद्र आहे.

हे टप्पे लक्षात ठेवा

* नऊ महिने ते एक वर्ष : नावाने हाक मारल्यावर वळून पाहते, 'बाबा', 'मामा' अशी बडबड करते.
* दीड वर्ष : काही अर्थपूर्ण शब्द बोलते, साध्या सूचना समजतात.
* दोन वर्षे : 'आई ये', 'पाणी दे' असे दोन शब्द जोडते.
* तीन वर्षे : छोटी वाक्ये बोलते, त्यातले बरेचसे परक्यालाही कळते.

यातला एखादा टप्पा लांबला किंवा येत असलेले शब्द नाहीसे झाले, तर वाढदिवसाची वाट पाहू नये. प्रत्येक मूल आपल्या गतीने बोलते, हे खरेच. पण ती गती त्याची स्वतःची आहे, की पडद्यामागच्या द्रवाने लादलेली, हे दारावरची बेल सांगू शकत नाही. ते सांगते श्रवणतपासणी. बोलण्याबद्दल शंका आली की पहिले पाऊल तिकडेच पडायला हवे.