बर्फाच्या वाटेवर ताकदीपेक्षा धीर मोठा

आपल्या नांदूरघाट परिसरात थंडी म्हणजे पहाटेची हुडहुडी, शेकोटी आणि हुरडा. बर्फ पाहायचा तो रसवंतीत किंवा गोळ्याच्या गाडीवर. तरीही हिवाळा आला की हल्ली बर्फाविषयी विचारणारे लोक दवाखान्यात येतात. शिक्षणासाठी वा नोकरीसाठी पुण्याला गेलेली गावची मुले-मुली नाताळच्या सुट्टीत उत्तराखंडातील केदारकांठ्याला बर्फातून चालायला जातात. काही कुटुंबे औलीला सहलीला जातात. मग आईवडील विचारतात, "डॉक्टर, पोरगं रोज तालमीत जातं, शेतात राबतं. त्याला काय होणार?" या प्रश्नाचे उत्तर आज सविस्तर पाहू. कारण बर्फात सर्वाधिक फसगत होते ती याच समजुतीने.

वाट कशी असते?

केदारकांठ्याची वाट उत्तरकाशी जिल्ह्यातील सांकरी या गावातून सुरू होते. डेहराडूनहून गाडीने सांकरीला पोहोचण्यात सारा दिवस जातो. तेथून देवदार-पाईनच्या जंगलातून जुडा का तालाब या तळ्यापाशी मुक्काम, त्यावर आणखी एक मुक्काम आणि मग पहाटे शिखराची चढाई. शिखराची उंची सुमारे 3,800 मीटर. औलीची सहल त्या मानाने सोपी. तेथे राहण्याची सोय आहे आणि निवासापासून गोरसोन बुग्यालाकडे, म्हणजे उंचावरच्या कुरणाकडे, चालत जाता येते. पण हिवाळ्यात तीही वाट बर्फाखाली जाते आणि उंची तीन हजार मीटरच्या घरात पोहोचते.

तुलना करायची तर बीड शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम पाचशे मीटरवर आहे. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई, तेही 1,646 मीटर. दोन कळसूबाई एकमेकांवर ठेवल्या तरी केदारकांठ्याची उंची भरत नाही. आणि आपला माणूस घर सोडल्यापासून पाच-सहा दिवसांत तेथे जाऊन उभा राहतो!

उंचीवर नेमके काय होते?

उंचावर हवेत प्राणवायूचे प्रमाण कमी असते, असे सर्रास म्हटले जाते. खरे तर प्रमाण तेच, 21 टक्के असते. कमी होतो तो हवेचा दाब. कापसाची गंजी डोळ्यांसमोर आणा. तळचा कापूस वरच्या भाराने दबलेला असतो, वरचा सैल असतो. तळातून एक ओंजळ घेतली तर कापूस जास्त येतो, वरून घेतली तर कमी. हवेचेही तसेच आहे. साडेतीन हजार मीटरवर एका श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या तुलनेत जवळपास दोन तृतीयांशच भरतो.

ही तूट भरून काढण्यासाठी शरीर श्वास वाढवते, नाडी जलद करते, मूत्रपिंडे रक्तातील आम्ल-अल्काचा तोल नव्याने साधतात. या जुळवाजुळवीला काही दिवस लागतात. तेवढी सवड न देता माणूस वर चढत गेला की पर्वतीय आजार होतो. डोके दुखणे, मळमळ, अन्न नकोसे होणे, गळून जाणे, चक्कर आणि झोप न लागणे ही त्याची लक्षणे. ती बहुधा उंचीवर पोहोचल्यानंतर सहा ते बारा तासांनी दिसतात. म्हणूनच दिवसभर ठणठणीत असलेला गडी रात्री तंबूत डोके धरून बसतो.

आता तालमीच्या प्रश्नाकडे येऊ. आपल्या लष्करातील डॉक्टर इंदर सिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी हिमालयात पाठवलेल्या 1,925 जवानांच्या पर्वतीय आजाराचा अभ्यास 1969 साली अमेरिकेतील 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. जगभर तो आजही आदराने उल्लेखिला जातो. ते सारे निवडलेले, कवायतीने कसलेले तरुण होते. म्हणजे दंड-बैठका या आजारापासून संरक्षण देत नाहीत. उलट दणकट माणूस भराभर चढतो, दुखणे लपवतो आणि अधिक अडचणीत येतो.

तीन गोष्टी पाठ करा

पहिली : उंचीवर डोके दुखू लागले तर दुसरे कारण सिद्ध होईपर्यंत तो पर्वतीय आजारच समजा आणि आणखी वर चढू नका. दुसरी : विश्रांतीने आराम पडला नाही, तर खाली या. तिसरी : बसल्या जागी धाप लागणे, सतत खोकला, गुलाबी फेसाळ बेडका, बरळणे किंवा तोल जाणे, यांपैकी एकही लक्षण दिसले तर रात्र असो की दिवस, रुग्णाला सोबत देऊन तत्काळ खाली आणा. अशा वेळी फुप्फुसात पाणी साठत असते किंवा मेंदूला सूज येत असते. काही तासांचा उशीरही जिवावर बेततो.

तोल तपासण्याची सोपी रीत आहे. अरुंद बांधावरून चालल्यासारखे, एका पायाच्या बोटांना दुसऱ्या पायाची टाच लावत सरळ रेषेत दहा पावले चालायला सांगा. जमले नाही तर धोका ओळखा.

अनेकजण गळ्यात कापराची पुरचुंडी बांधून जातात. कापूर हुंगल्याने नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, पण रक्तातील प्राणवायू वाढत नाही. प्राणवायूचा छोटा डबाही काही मिनिटांत संपतो. खाली उतरण्याला पर्याय नाही. ॲसिटाझोलामाइड या औषधाचा प्रतिबंधासाठी उपयोग होतो, परंतु ते प्रत्येकाला चालत नाही. सल्फा औषधांची ॲलर्जी असणाऱ्यांनी विशेष सांभाळावे. डॉक्टरांना विचारूनच घ्यावे.

शक्य असेल तर सुरुवातीच्या उंच गावी एक दिवस जास्त राहावे. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची जागा एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त उंच नेऊ नये. सहल ठरवतानाच हे विचारून घ्यावे.

पाय का रुततो?

काळ्या रानात पावसानंतर चालताना पाय घोट्यापर्यंत रुततो, पण फळी टाकली की रुतत नाही. वजन तेच, मात्र ते मोठ्या जागेवर पसरते. बर्फावर घालण्याच्या रुंद जाळीदार पादत्राणांचे तत्त्व हेच. पूर्वी उत्तर अमेरिकेतील आदिवासी लाकडी कड्याला कातडी वाद्या विणून ती तयार करीत. आता ती ॲल्युमिनियम वा प्लॅस्टिकची मिळतात. मऊ, खोल बर्फात ती उपयोगी. दबून घट्ट व निसरड्या झालेल्या वाटेवर मात्र बुटाला खाली लोखंडी दाते लावावे लागतात, आणि बुटात बर्फ शिरू नये म्हणून पोटरीला जाड कापडी पट्टे बांधतात.

बर्फात चालण्याला साध्या वाटेपेक्षा बरीच जास्त शक्ती लागते. तेव्हा चाल दिंडीतल्या वारकऱ्यासारखी ठेवावी. शेजाऱ्याशी बोलता येईल इतपतच वेग असावा. धापा टाकत पुढे जाण्यात शहाणपण नाही.

थंडीपेक्षा ओल वाईट

शरीराचे आतले तापमान 35 अंश सेल्सिअसच्या खाली गेले की गारठ्याचा आजार सुरू होतो. आधी थरथर, मग हातातून वस्तू निसटणे, पाय अडखळणे, जीभ जड होणे, चिडचिड. कुडकुडणारा माणूस एकाएकी कुडकुडायचा थांबला आणि गप्प बसला, तर तो बरा झाला असे समजू नका. ती अधिक गंभीर अवस्था आहे.

याचे मोठे कारण ओले कपडे. सुती बनियन घामाने भिजले की अंगाची ऊब शोषून घेते. लोकर ओली झाली तरी बरीच ऊब राखते. आपले धनगर बांधव भर पावसात घोंगडी पांघरून मेंढरांमागे उभे राहतात, ते उगाच नाही. म्हणून अंगालगत लोकरीचा किंवा लवकर वाळणारा कृत्रिम धाग्याचा कपडा, त्यावर उबदार थर आणि सर्वांत वर वारा-पाणी अडवणारा कोट, असे थर करावेत. चढताना घाम येण्यापूर्वी एक थर काढावा, थांबताच पुन्हा चढवावा. मोजे ओले झाले की लगेच बदलावेत.

दारूने ऊब येते हा भ्रम आहे. दारूमुळे कातडीतील रक्तवाहिन्या रुंदावतात, वरवर गरम वाटते आणि आतली ऊब बाहेर निघून जाते. तहान लागत नसली तरी पाणी, सूप किंवा गरम पेये घेत राहावे. बर्फ चघळून तहान भागवू नये, तो वितळवण्यात शरीराचीच ऊब खर्च होते.

बोटे आणि डोळे

हातापायाची बोटे, नाक, कान बधिर, पांढरट व कडक झाले तर ती हिमबाधा. नेपोलियनच्या 1812 च्या रशिया मोहिमेनंतर अशा भागावर बर्फ चोळण्याचा उपाय फार काळ रूढ होता. तो चुकीचा आहे. चोळल्याने आतील पेशी फाटतात. शेकोटीवर धरणेही घातक, कारण बधिर बोटाला चटका कळत नाही. सुरक्षित जागी पोहोचल्यावर 37 ते 39 अंशांच्या, म्हणजे कोपराला कोमट लागणाऱ्या पाण्यात तो भाग अर्धा तास बुडवून ठेवावा व दवाखाना गाठावा. पुन्हा गोठण्याची शक्यता असेल तर वाटेत वितळवू नये.

डोळ्यांचे दुखणे आपल्याकडच्या वेल्डिंगवाल्यांना ठाऊक आहे. दिवसा काही जाणवत नाही, रात्री मात्र डोळ्यांत वाळू भरल्यासारखी आग होते. ताजा बर्फ सूर्याचे अतिनील किरण मोठ्या प्रमाणात परत फेकतो, आणि तीच बाधा होते. बाजूने झाकलेला काळा चष्मा ढगाळ दिवशीही लावावा. त्रास झालाच तर अंधारात विश्रांती घ्यावी, डोळ्यांवर गार पट्टी ठेवावी. दूध किंवा अन्य घरगुती थेंब घालू नयेत.

खोलीतील शेगडी

दिवसभर चालून निवासावर परतल्यावर कोळशाची शेगडी खोलीत घेऊन दारे-खिडक्या लावून झोपणे हा सर्वांत फसवा धोका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. डोके दुखते, झोप अनावर होते आणि माणूस उठतच नाही. शेगडी बाहेरच ठेवा, पांघरुणे जास्त मागून घ्या.

जाण्यापूर्वी

किमान सहा आठवडे आधी चालण्याचा सराव सुरू करावा. त्याने उंचीचा आजार टळत नसला तरी गुडघे व श्वास तयार होतात. पाठीवर पाच-सात किलोचे ओझे घेऊन जवळची टेकडी चढावी, मांजरसुंब्याजवळील कपिलधारेचा परिसरही त्यासाठी उत्तम. नवे बूट याच काळात वापरून मऊ करून घ्यावेत. रक्तदाब, साखर व हिमोग्लोबिन तपासावे. स्त्रियांमध्ये पंडुरोग अधिक आढळतो, त्यांनी ही तपासणी टाळू नये. हृदयविकार, दमा वा फुप्फुसांचा आजार असलेल्यांनी, तसेच गर्भवतींनी डॉक्टरांच्या परवानगीशिवाय जाऊ नये. मधुमेहींनी इन्शुलिन सामानात न ठेवता अंगावरच्या कपड्यांत ठेवावे, कारण गोठलेले इन्शुलिन निकामी होते.

मुलांना बर्फात जाण्यापासून अडवावे, असा या लेखाचा हेतू नाही. हिमालय पाहावा, जरूर पाहावा. पण निघताना आईवडिलांनी पोराला एकच गोष्ट बजावावी : डोके दुखले तर सोबत्यांपासून लपवू नको, आणि खाली उतरायला लाजू नको. शिखर पुढच्या वर्षीही तेथेच असते.