बॅटरी संपत आली

गेल्या दिवाळीत आमच्या वस्तीवर एक गंमत झाली. वस्ती अकोले तालुक्यात, प्रवरेच्या काठापासून हाकेच्या अंतरावर. (हे अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या नगर जिल्ह्यातलं अकोले; विदर्भातल्या अकोल्याची पत्रं आमच्याकडे यायची, तो काळ आता सरला.) रात्री दहाच्या सुमाराला आतल्या खोलीतून भाचा ओरडला, "मेलो! बॅटरी संपत आली!" ओसरीवर आडवे झालेले अण्णा ताडकन उठले, खुंटीवरची बॅटरी काढली आणि आत जाऊन त्याच्या हातात कोंबली. आमच्याकडे टॉर्चला बॅटरीच म्हणतात. पोरगं कानांवर हेडफोन चढवून लॅपटॉपसमोर बसलं होतं. पडद्यावर एक लांबलचक हिरवा व्हरांडा, आणि त्याच्या टोकाला कुणाचे तरी चमकणारे दोन डोळे.

"आजोबा, ही नाही. कॅमेऱ्याची बॅटरी."

अण्णांनी पडद्याकडे पाहिलं. "हा बाबा रात्रीचा कुठं निघालाय?"

तो बाबा म्हणजे माइल्स अपशर, पेशाने पत्रकार. कॅनडातल्या माँट्रियल शहरात रेड बॅरल्स नावाची एक छोटी कंपनी आहे. तिने 2013 च्या सप्टेंबरात 'आउटलास्ट' हा भयखेळ आणला, त्याचा हा नायक. निनावी खबर मिळाली म्हणून तो कोलोरॅडोच्या डोंगरातल्या मनोरुग्णालयात रात्री एकटाच घुसतो. आत काय चाललंय ते सांगत नाही, खेळणाऱ्यांचा विरस होईल. सांगायचं ते एवढंच की या गड्याजवळ बंदूक नाही, सुरा नाही, साधी काठीही नाही. कुणी अंगावर आलं तर पळायचं, कपाटात शिरायचं, नाहीतर पलंगाखाली सरपटायचं. हातात फक्त एक हँडीकॅम, आणि त्यात अंधारात पाहण्याची सोय.

खेळ रचणाऱ्यांची हुशारी इथेच आहे. भयखेळात कॅमेरा त्यापूर्वीही होता. जपानच्या 'फेटल फ्रेम'मध्ये (2001) फोटो काढला की भुतं घायाळ होत. तिथे कॅमेरा म्हणजे बंदूकच. 'अॅम्नेशिया' (2010) मध्ये कंदील होता आणि त्यातलं तेल संपत जाई. 'आउटलास्ट'ने या दोन्हींतलं अवघड तेवढं उचललं. कॅमेऱ्याने कुणालाही खरचटत नाही, आणि अंधारात पाहण्याची सोय चालू असेल तोवर तो बॅटरी खातो. कोपऱ्यातली पट्टी उतरत जाते, ती रिकामी झाली की हिरवं चित्र विझू लागतं, मग खोल्या धुंडाळत पुढचा सेल शोधायचा. कॅमेरा डोळ्याला लावला की आजूबाजूचं दिसत नाही. खाली घेतला की काहीच दिसत नाही. मला विचाराल तर भीती त्या राक्षसांची फारशी वाटत नाही. ती या निवडीची वाटते. पाहायचं, की पाहणं पुढच्या वळणासाठी राखून ठेवायचं? नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या भयकथा वाचून वाढलेल्या आमच्या पिढीला वात खाली केलेल्या कंदिलाची भीती पुरायची. पण ती वात आमच्या हातात नसायची.

चित्र हिरवं का, हा भाच्याचा प्रश्न. याचं उत्तर लष्करी दुर्बिणींत सापडतं. त्या चांदण्याचा क्षीण प्रकाश गोळा करून हजारो पटींनी वाढवतात आणि फॉस्फर लावलेल्या पडद्यावर उमटवतात. माणसाच्या डोळ्याला हिरव्याच्या छटा सर्वांत बारकाईने कळतात, म्हणून तो पडदा हिरवा. हँडीकॅमचा मामला वेगळा आहे. त्यातल्या सिलिकॉनच्या संवेदकाला आपल्याला न दिसणारा, लालाच्या पलीकडचा अवरक्त प्रकाशही दिसतो. एरवी तो अडवायला आत एक गाळणी बसवलेली असते, नाहीतर दिवसाचे रंग बिघडतात. सोनीने 1998 मध्ये नाइटशॉटचे कॅमेरे आणले, त्यात ही गाळणी बाजूला सारायची आणि शेजारचा अवरक्त दिवा लावायचा. (दिवसा ती सोय वापरली तर काही पातळ कपड्यांच्या आरपार दिसतं असा बोभाटा झाला आणि कंपनीला त्याच वर्षी रचना बदलावी लागली.) चित्राला हिरवी झाक दिली ती बहुधा सवयीपोटी. त्या दिव्याची पोच जेमतेम तीन मीटर. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई उरतो, हा हिशेब अवरक्तालाही सुटत नाही. खेळातला कॅमेरा मात्र अख्खा व्हरांडा उजळतो.

घरच्या घरी पाहायचं असेल तर टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या समोरच्या कॅमेऱ्यापुढे धरून बटण दाबा. नुसत्या डोळ्यांना काही दिसत नाही, पडद्यावर मात्र बहुतेक वेळा रिमोटच्या टोकाला जांभळट ठिपका लुकलुकताना दिसतो. अंगणातल्या सीसीटीव्हीभोवती असेच दिवे गोल मांडलेले असतात. आमच्या जिल्ह्यात रात्री पाहणारा कॅमेरा म्हणजे मुख्यतः हाच, आणि त्याने टिपलेलं चित्रही सगळ्यांच्या मोबाइलवर फिरून गेलेलं असतं: राखाडी अंगण, कोपऱ्यात ट्रॅक्टर, पायरीवर झोपलेलं कुत्रं, आणि चौकटीच्या कडेने आत येणारे दोन पांढरे डोळे. बिबट्याच्या डोळ्यांत पडद्यामागे आरशासारखा एक थर असतो. आत गेलेला प्रकाश तो परत फिरवतो, त्यामुळे पाहणाऱ्या पेशींना त्याच उजेडावर दुसरी संधी मिळते. माणसाच्या डोळ्याला अंधार सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि सरावला तरी तो थर आपल्याकडे नाही. त्याला रात्री आपण दिसतो. आपल्याला तो दिसत नाही.

पण हा बिबट्या वस्त्यांभोवतीच्या उसात आला कुठून? भंडारदऱ्याचं धरण 1926 मध्ये पुरं झालं, कालव्यांनी प्रवरेचं पाणी खाली नेलं, 1950 च्या सुमाराला प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि खोऱ्यात उसाचं रान पसरत गेलं. बारा ते अठरा महिने उभा राहणारा ऊस, पायाशी पाणी, आत कुणी फिरकत नाही, आणि वस्त्यांवर कुत्री भरपूर. बिबट्याला आणखी काय हवं?

वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांनी अकोल्याच्या याच खोऱ्यात वाटांच्या कडेला कॅमेरे बांधले. हे कॅमेरे हातात धरायचे नसतात. एखाद्या खांबाला गुडघ्याच्या वर बांधायचे आणि घरी जायचं. समोरून गरम अंगाचं काही गेलं की त्याच्या देहाची अवरक्त ऊब संवेदकाला लागते आणि फोटो निघतो. सहसा वाटेच्या दोन्ही अंगांना समोरासमोर दोन लावतात, कारण बिबट्याच्या डाव्या कुशीवरचे ठिपके उजव्या कुशीसारखे नसतात, आणि ओळख पटायची ती ठिपक्यांवरूनच. अवरक्त दिव्यात चालतं जनावर कधीकधी धूसर येतं, म्हणून अशा मोजणीत पांढऱ्या झोताचे कॅमेरेही वापरले जातात.

त्या कामाचा निबंध 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. योगायोग असा की 'आउटलास्ट'ही त्याच साली आला. निबंधाचा निष्कर्ष वाचून पुष्कळांची झोप उडाली असणार. शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे आणि जवळजवळ तेवढेच तरस. आणि हे कुठल्या अभयारण्यात नव्हे, तर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसं राहतात अशा शेतशिवारात. जंगल नाही, हरणं नाहीत. पुढच्या वर्षी विष्ठेच्या अभ्यासातून त्यांचा आहारही कळला: वजनाच्या हिशेबाने 87 टक्के पाळीव जनावरं, त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा 39 टक्के. कॅमेऱ्यांत वाघाटीही सापडली. ही जगातल्या सर्वांत लहान रानमांजरांपैकी एक, घरच्या मांजराहूनही लहान.

मला या निबंधातला आकड्यांइतकाच आवडलेला भाग म्हणजे त्याने काय दाखवलं नाही. इतके बिबटे इतक्या माणसांमध्ये वावरत होते, आणि त्या खोऱ्यात त्या काळात बिबट्याने माणूस मारल्याची नोंद नव्हती. माइल्सच्या कॅमेऱ्यात दिसतं ते अंगावर यायला निघालेलं असतं. अकोल्याच्या कॅमेऱ्यांत दिसलं ते निघून गेलेलं. ज्या वाटेने संध्याकाळी दुधाची किटली जाते, त्याच वाटेने मध्यरात्री तो जातो, रोज.

म्हणून धोका नाही, असं म्हणण्याचं धाडस मी करणार नाही. अलीकडच्या वर्षांत जिल्ह्यात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं गेली आहेत, लहान मुलंही. ज्या घरातलं लेकरू गेलं, त्या घराला शंभर चौरस किलोमीटरचा हिशेब कुणी सांगू नये.

आपल्या जिल्ह्यातला एक बिबट्या तर सिनेमातही गेला. 2009 मध्ये पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरजवळ एक थोराड नर विहिरीत पडला. बिनकठड्याच्या विहिरी ही इथली जुनी दुखरी बाजू. त्याला बाहेर काढलं, गळ्यात जीपीएसचा पट्टा घातला आणि माळशेज घाटात सोडलं. अभ्यासकांनी त्याचं नाव ठेवलं आजोबा. हा आजोबा तिथून निघाला तो सुमारे 120 किलोमीटर चालत थेट मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोचला. वाटेत गावं, लोहमार्ग, महामार्ग. त्याने कुणाला ओरखडाही काढला नाही. 2011 च्या डिसेंबरात महामार्गावर वाहनाच्या धडकेने तो गेला. सुजय डहाके यांचा 'आजोबा' हा चित्रपट 2014 चा, त्यात अभ्यासिकेची भूमिका ऊर्मिला मातोंडकर यांची.

रात्रीच्या कॅमेऱ्याचं मला सर्वांत भावणारं काम ऊसतोडीच्या दिवसांतलं. कोयता चालता चालता फडात अचानक मांजराएवढी पिल्लं दिसतात, डोळे नुकते उघडलेली. तोड थांबते. वनखात्याची माणसं येतात, पिल्लं तपासतात आणि दिवस मावळला की क्रेटमध्ये घालून जिथे सापडली तिथेच ठेवतात. शेजारी कॅमेरा. मग सगळे लांब जाऊन थांबतात. चित्रात बराच वेळ नुसता क्रेट आणि उसाचं पाचट. मग कडेला एक सावली, बराच वेळ स्तब्ध. ती पुढे येते, हुंगते, पंजाने क्रेट कलंडवते, एका पिल्लाची मान तोंडात धरते आणि नाहीशी होते. उरलेलं पिल्लू तिथेच चुळबुळत राहतं, ती परत येईपर्यंत. ते चित्र पाहताना मीही श्वास धरला होता. फरक इतकाच की इथे दोन डोळे दिसावेत म्हणून.

अकोले, राजूरच्या बाजूचे महादेव कोळी वसुबारसेच्या दिवशी वाघबारस पाळतात. सगळीकडे गाय-वासराची पूजा, आणि इथे गुराखी वाघोबालाही नैवेद्य दाखवतात, गुरं सांभाळ म्हणून. ज्याच्यापासून सांभाळायचं त्यालाच राखण सांगायची, हा व्यवहार मला मोठा शहाणपणाचा वाटत आला आहे.

तर त्या रात्री साडेअकराला थ्री फेज आली. शेतीची लाइट आमच्याकडे पाळीपाळीने येते, आणि तो आठवडा रात्रपाळीचा होता. दिवसा वीज मिळावी म्हणून सौर कृषी वाहिनीची योजना 2017 मध्ये निघाली, तिच्या पहिल्या प्रकल्पांपैकी एक आपल्याच राळेगणसिद्धीत. आमच्या डीपीपर्यंत ती अजून पोचायची आहे. अण्णांनी पायात गमबूट घातले, खांद्यावर खोरं घेतलं. दारं धरायची म्हणजे एक सरी भरली की माती ओढून तिचं तोंड बुजवायचं आणि पुढच्या सरीचं फोडायचं. दर वेळी वाकायचं. आणि वाकलेला माणूस बिबट्याला बारक्या जनावरासारखा दिसतो, म्हणून वनखात्याची माणसं सांगतात की रात्री रानात एकट्याने वाकून, उकिडवं बसून राहू नका.

भाचा दारात आला. "आजोबा, आवाज न करता जा हां. ऐकू आलं की येतात ते."

"तुझ्या गेममधले येत असतील," अण्णा म्हणाले. "आपल्याकडं उलटं असतंय. त्याला आपण दिसतोच. आपण आलोय हे त्याला आधी कळलं पाहिजे, म्हंजी तो बाजूला होतो."

त्यांनी मोबाइलवर भजन लावलं, आवाज पुरता मोठा केला, मोबाइल छातीच्या खिशात टाकला. बॅटरी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे उसाच्या शेंड्यांवरून फिरवली, मोठ्याने खाकरले आणि बांधावरून खाली उतरले. मी त्यांच्या मागे काठी घेऊन निघालो.

वळून पाहिलं तेव्हा भाचा परत लॅपटॉपसमोर बसला होता. माइल्स कपाटात उभा होता, फटीतून बाहेर बघत, श्वास रोखून. पण पोराने हेडफोन काढून मांडीवर ठेवले होते आणि त्याचा कान लांब जाणाऱ्या मृदंगाकडे लागला होता.