भूत कुणाचं, वाटणी कुणाची?

रात्रीचे साडेदहा म्हणजे ईटसारख्या गावात मध्यरात्रच. भूम तालुक्याचा हा भाग खव्याचा. पहाटे उठून धारा काढायच्या, दूध भट्टीवर घालायचं, म्हणून माणसं लवकर पाठ टेकतात. पण २०१६ साली ‘झी मराठी’वर ‘रात्रीस खेळ चाले’ सुरू झाली आणि झोपेचं गणित चुकलं. दारात दुष्काळ, त्या उन्हाळ्यात लातूरला तर आगगाडीनं पाणी आणावं लागलं. आणि पडद्यावर सिंधुदुर्गातल्या आकेरीचा वाडा, माडांची सावली, मालवणी हेल.

मालिका अर्ध्या तासाची. चर्चा मात्र दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पुरायची. नाईकांच्या घरातले अण्णा सुरुवातीलाच जातात, सारं कुटुंब गोळा होतं आणि एकेक अघटित घडू लागतं. हे करतंय कोण? ज्याच्या त्याच्याजवळ उत्तर तयार! कुणाचा संशय विसरभोळ्या पांडूवर: “इसरलो म्हनतंय ते बेणं, पर समदं त्याच्या ध्यानात हाय!” कुणी म्हणे, शिकलेली सून भुताला मानत नाही, म्हणजे तिलाच काहीतरी ठाऊक असणार. मधेच वीज गेली, की हुकलेला भाग ज्यानं त्यानं आपल्या मनानं रचायचा.

१९९३ साली दूरदर्शनवर ‘ब्योमकेश बक्षी’ लागायचा, तेव्हा रहस्य त्याच भागात सुटे आणि माणसं निवांत झोपत. रोजच्या मालिकेचं तसं नसतं. ती पुढं पुढं लिहिली जाते, म्हणून प्रेक्षकाला वाटतं, अजून आपलाही तर्क खरा ठरेल. मालिका अंधश्रद्धेला खतपाणी घालते, असे आक्षेप घेतले गेले. पण ओसरीवर भुताला कुणी फारसं भ्यायलेलं दिसलं नाही. सगळे शोधत होते ते माणसालाच.

मला पटला तो आमच्या ओळखीच्या एका आजींचा तर्क. त्या म्हणाल्या, “भूत-बीत काय न्हाय रं. वाटणी नीट झाली न्हाय, म्हनून घर झोपंना.”

मालिकेत जमीनजुमल्याचा धागा होताच. पण आजींना तो इतक्या लवकर कसा दिसला? पुढं कळलं. वडील गेल्यावर भावानं आणलेल्या कागदावर त्यांनीही अंगठा उठवला होता. १९५६च्या हिंदू वारसा कायद्यानं मुलीला वडिलांच्या मालमत्तेत वाटा दिला. २००५च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित जमिनीतही मुलाच्या बरोबरीनं जन्मसिद्ध हक्क दिला. तरी गावोगावी हक्कसोडपत्रं होतातच, तीही निमूटपणे. भाऊबिजेला ताटात साडी पडते, विषय मात्र निघत नाही. ज्याच्या घरात जी गाठ, तीच त्याला पडद्यावर दिसते.

२०१९ साली दुसरा भाग आला आणि कथा मागे गेली. माधव अभ्यंकरांचे अण्णा हयात असतानाच घराला कसे छळत होते, ते दिसलं. आधीचे कितीतरी तर्क गळून पडले. आजी मात्र खुशीत: “बघ, मानूस मेल्यावर न्हाय, जित्तेपनीच भूत होतंय.”

त्या दिवाळीला भाऊबिजेसाठी त्यांचे थोरले भाऊ ईटला आले होते. मीही फराळाला गेलो होतो. ओवाळून झालं, साडी झाली. आजींनी तबक खाली ठेवलं आणि सहज विचारावं तसं विचारलं, “दादा, त्यो कागद कुठं हाय रं? मला एकदा वाचून दावशील का?”

दादांनी हातातली करंजी ताटात ठेवली. टीव्ही चालूच होता, पण तिकडं कुणाचंच लक्ष नव्हतं.