मद्यपान करून वाहन चालविण्याचा गुन्हा : पुरावा आणि बचाव यांचा विचार (निर्मळ-वसई परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना

वसई तालुक्यातील निर्मळ हे गाव शंकराचार्यांचे समाधिमंदिर व कार्तिकातील यात्रा यांसाठी प्रसिद्ध आहे. कळंब, राजोडीच्या किनाऱ्यांकडे जाणारी वाहतूक याच परिसरातून होते आणि सुट्टीच्या दिवसांत तीत बाहेरगावच्या वाहनांची भर पडते. १ ऑक्टोबर २०२० पासून हा भाग मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयाच्या कक्षेत आहे. येथील नाकाबंदीत एखाद्या चालकावर मद्यपानाचा आरोप ठेवला गेल्यास प्रकरण वसईच्या न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर जाते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८५ खालील गुन्हा तडजोडयोग्य नसल्यामुळे तो हेल्मेट किंवा सिग्नलच्या गुन्ह्याप्रमाणे चलन भरून मिटत नाही. पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. २०१९ च्या दुरुस्तीपूर्वी दंडाची मर्यादा २,००० रुपये होती. शिक्षा वाढली की पुराव्याची छाननीही वाढते, आणि बचावाचा खरा विचार तेथूनच सुरू होतो.

गुन्ह्याचे स्वरूप : एक आकडा

मूळ १९८८ च्या कलमात चालकाच्या रक्तात कितीही अल्प प्रमाणात मद्य आढळले तरी गुन्हा होत असे. १९९४ च्या दुरुस्तीने ही व्याख्या बदलली. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्य श्वासचाचणी यंत्राने आढळणे, हा गुन्ह्याचा गाभा ठरला. चालक झिंगला होता की नाही, हा प्रश्न त्यामुळे दुय्यम झाला आणि आकडा कसा मिळविला हा प्रश्न मुख्य झाला. २०१९ च्या दुरुस्तीने यंत्राच्या जोडीला प्रयोगशाळेतील चाचणीसह इतर चाचण्यांनाही स्थान दिले.

महाराष्ट्रात याबरोबर महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ हाही लागू आहे. त्याच्या कलम ६६ (२) मध्ये रक्तातील मद्याचे प्रमाण ०.०५ टक्के किंवा अधिक असल्यास, ते औषधी स्वरूपाच्या द्रव्यामुळे आले हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर जातो. मोटार वाहन अधिनियमातील ३० मिलिग्रॅम म्हणजे ०.०३ टक्के. एकाच रक्तनमुन्यास दोन कायदे दोन मापे लावतात, ही गोष्ट खटला चालविताना अनेकदा दुर्लक्षिली जाते.

यंत्र श्वासातील मद्य मोजते व त्यावरून रक्तातील प्रमाणाचा अंदाज देते. या रूपांतरासाठी सामान्यतः २१०० : १ हे गुणोत्तर गृहीत धरले जाते, परंतु ते प्रत्येक व्यक्तीत तंतोतंत सारखे नसते. नुकतेच मद्ययुक्त द्रवाने चूळ भरली असल्यास तोंडातील अंशामुळेही आकडा फुगतो. म्हणून चाचणीपूर्वी काही मिनिटे थांबणे शास्त्रीय दृष्ट्या आवश्यक मानतात. कलम २०३ नुसार यंत्र केंद्र शासनाने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रकारचे असले पाहिजे. यंत्राचे अंशांकन केव्हा झाले, हा बचावपक्षाचा प्रश्न त्यामुळे आडमुठेपणाचा म्हणता येत नाही.

कार्यपद्धतीची बंधने

कलम २०२ अन्वये अटक झाल्यास दोन तासांच्या आत नोंदणीकृत वैद्यकीय व्यवसायीकडून तपासणी व्हावी लागते. तसे न झाल्यास आरोपीला सोडून द्यावे लागते. निर्मळसारख्या गावात रात्री उशिरा पोलीस ठाणे, रुग्णालय व कागदपत्रे यांचा मेळ घालताना हे दोन तास भरकन सरतात. दुसऱ्या बाजूने, योग्य कारणाशिवाय चाचणी नाकारणाऱ्याला त्या नकाराचा लाभ मिळत नाही. कलम २०५ नुसार तो नकार अभियोगपक्षाच्या पुराव्यास पुष्टी देऊ शकतो. रक्त देणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणे, हा युक्तिवादही टिकणारा नाही. काठी कालू ओघड प्रकरणात (१९६१) सर्वोच्च न्यायालयाने शारीरिक पुरावा व साक्ष यांत फरक केला आहे.

चाचणीच झाली नाही तर काय? बच्चूभाई हसनअली कार्यानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात (१९७१) सर्वोच्च न्यायालयाने मद्याचा वास, अडखळती चाल, असंबद्ध बोलणे व विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावरून मद्यसेवन सिद्ध मानण्यास नकार दिला. रक्ताची व लघवीची तपासणी झालेली नव्हती.

मुंबईतील दोन प्रकरणे

१२ नोव्हेंबर २००६ रोजी वांद्र्याच्या कार्टर रोडवर पदपथावर झोपलेल्या मजुरांवर मोटार गेली व सात जणांचा मृत्यू झाला. अॅलिस्टर अँथनी परेरा या नावाने विधिक्षेत्रास परिचित असलेल्या या प्रकरणात रक्तातील मद्याचे प्रमाण ०.११२ टक्के आढळले होते. उच्च न्यायालयाने २००७ मध्ये कलम ३०४, भाग दोन खाली तीन वर्षांची शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयाने १२ जानेवारी २०१२ रोजी ती कायम केली. ही शिक्षा अपुरी आहे, परंतु ती वाढविण्यासाठी राज्याने अपील केलेले नाही, असेही न्यायालयाने नमूद केले.

याउलट २८ सप्टेंबर २००२ च्या वांद्र्यातील अपघातप्रकरणी अभिनेता सलमान खान यांना सत्र न्यायालयाने ६ मे २०१५ रोजी पाच वर्षांची शिक्षा दिली, ती उच्च न्यायालयाने १० डिसेंबर २०१५ रोजी रद्द केली. नमुना घेणे, जपणे व प्रयोगशाळेत पोहोचविणे या साखळीविषयी न्यायालयाला शंका वाटली, हे निर्दोषत्वाच्या कारणांपैकी एक होते. अपघातात एकाचा प्राण गेला होता, चार जण जखमी झाले होते. त्यांच्या दृष्टीने पाहता नमुन्याच्या नोंदीतील ढिलाई ही कारकुनी चूक उरत नाही. पुण्यातील कल्याणीनगर येथे १९ मे २०२४ रोजी दोन अभियंत्यांचा बळी घेणाऱ्या अपघातानंतर तर रक्तनमुनाच बदलल्याचा आरोप ठेवण्यात आला.

नवीन संहिता व विमा

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. निष्काळजीपणाने मृत्यू घडविण्यास पूर्वीच्या कलम ३०४-अ खाली दोन वर्षांपर्यंत कारावास होता. कलम १०६ (१) ने तो पाच वर्षांपर्यंत नेला आहे. सदोष मनुष्यवधाची तरतूद कलम १०५ मध्ये आली. हे दुसरे कलम लावायचे तर मृत्यू संभवतो याची आरोपीला जाणीव होती हे दाखवावे लागते, आणि मद्याचा आकडा येथे जाणिवेचा एक दुवा म्हणून वापरला जातो.

फौजदारी खटल्यात सुटका झाली म्हणून विमा मिळेलच असे नाही. इफ्को टोकियो विरुद्ध पर्ल बेव्हरेजेस या निकालात (१२ एप्रिल २०२१) सर्वोच्च न्यायालयाने श्वासचाचणीच्या अभावीही विमा कंपनी इतर पुराव्याने मद्याचा अंमल सिद्ध करू शकते असे ठरविले. वाहनाच्या स्वतःच्या नुकसानीचा तो दावा होता. त्रयस्थ व्यक्तीच्या बाबतीत पूर्वी विमा कंपनीच्या वैधानिक बचावांत मद्यपानाचा उल्लेख नव्हता. १ एप्रिल २०२२ पासून अमलात आलेल्या नव्या कलम १५० मध्ये तो आला आहे. अशा दाव्यांत कंपनीने पीडिताला रक्कम द्यावी व नंतर ती वाहनमालकाकडून वसूल करावी, असा आदेश देण्याची पद्धत न्यायालयांत रूढ आहे. त्यामुळे वाहन दुसऱ्याच्या हाती देणारा मालक, नाक्यावर स्वतः हजर नसतानाही, या कायद्याच्या कचाट्यात सापडतो.