‘दिसले नाहीत’ आणि ‘नाहीत’

निपाणीच्या तंबाखू वखारीत राबणारा, महिनाभर खोकणारा रुग्ण थुंकीचा अहवाल पुढे करून मला विचारतो, ‘‘डॉक्टरसाहेब, क्षय नाही ना?’’ अहवालात ‘नॉट सीन’ असते. म्हणजे जंतू दिसले नाहीत. ‘नाहीत’ हे विधान त्याहून फार मोठे. सूक्ष्मदर्शकाखाली ते दिसण्यास थुंकीच्या एका मिलिलिटरमध्ये सुमारे ५,००० ते १०,००० जंतू असावे लागतात. क्ष-किरण अहवालातील ‘सजेस्टिव्ह ऑफ’ हीदेखील रोगाची सूचना होय, निदान नव्हे. आपल्या सीमाभागात रुग्णाचे घर मराठी, कचेरी कन्नड आणि अहवाल इंग्रजी. तेव्हा, ‘‘अद्याप दिसले नाहीत, पुन्हा तपासू,’’ हे त्याच्याच भाषेत सांगावे. अन्यथा तो निर्धास्त होऊन घरी खोकत राहतो.