चित्र निर्यात करताना पारदर्शकता कशी टिकवावी

प्रस्तावना

दुर्ग जिल्ह्यातील चरोदा हे भिलाईजवळचे, रेल्वेच्या मोठ्या यार्डासाठी ओळखले जाणारे गाव. समजा, तेथील एका गणेशोत्सव मंडळाच्या निबंध स्पर्धेची प्रमाणपत्रे तयार करण्याचे काम तुमच्याकडे आले आहे. फिकट पिवळ्या नक्षीवर अध्यक्षांची सही आणि मंडळाचा गोल शिक्का बसवायचा आहे. तुम्ही सही स्कॅन केली आणि भोवतीचा पांढरा कागद काढून टाकला. पडद्यावर राखाडी-पांढरे चौकडे दिसले, म्हणजे पार्श्वभूमी पारदर्शक झाली. मग फाइल मोबाइलवरून छपाईवाल्याला पाठवली. त्याच्याकडे उघडला तो काळा चौकोन! काळ्या शाईची सही त्यातच बुडाली.

पारदर्शकता नेमकी कुठे हरवली, हे शोधायला या पाठात शिकू.

पारदर्शकता म्हणजे चौथी संख्या

रंगीत चित्राच्या प्रत्येक पिक्सेलसाठी लाल, हिरवा आणि निळा अशा तीन संख्या साठवल्या जातात. प्रत्येक संख्या साधारणपणे 0 ते 255 या दरम्यान असते. पारदर्शक चित्रात यांच्या जोडीला चौथी संख्या असते. तिला अल्फा म्हणतात. अल्फा 255 असेल तर पिक्सेल पूर्ण अपारदर्शक, 0 असेल तर पूर्ण पारदर्शक. ही कल्पना 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात एड कॅटमुल आणि अल्वी रे स्मिथ यांनी मांडली. चित्रे एकमेकांवर बसवण्याचे गणित 1984 साली थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी सूत्रबद्ध केले. त्यातील सर्वांत उपयोगी सूत्र असे:

दिसणारा रंग = (अल्फा × वरचा रंग) + (1 − अल्फा) × खालचा रंग

येथे अल्फा 255 ने भागून घ्यावा. उदाहरणार्थ, सहीच्या कडेचा एक पिक्सेल काळा (0, 0, 0) असून त्याचा अल्फा 128 आहे. खालचा कागद पिवळसर (255, 240, 190) आहे. मग दिसणारा रंग सुमारे (127, 120, 95) येतो, म्हणजेच कागदाचीच गडद छटा. म्हणून सहीची कड कागदात मिसळून जाते.

लक्षात ठेवा: पडद्यावरचे चौकडे चित्रात नसतात. येथे अल्फा कमी आहे, एवढेच सॉफ्टवेअर त्यांतून तुम्हाला सांगते.

कोणत्या फाइलमध्ये चौथी संख्या मावते?

- जेपीईजी: 1992 चे हे मानक छायाचित्रांसाठी बनले. त्यात अल्फाला जागाच नाही.
- जीआयएफ: 1989 च्या आवृत्तीत एक रंग पारदर्शक ठरवता येतो. अर्धी पारदर्शकता नाही, म्हणून कडा दातेरी दिसतात.
- पीएनजी: 1996 पासूनचे हे स्वरूप प्रत्येक पिक्सेलचा अल्फा जसाच्या तसा ठेवते. सही, शिक्का, बोधचिन्ह यांसाठी हेच निवडा.
- वेबपी: गूगलने 2010 मध्ये आणलेले स्वरूप. यातही अल्फा टिकतो व फाइल बहुधा लहान होते. मात्र जुन्या छपाई-सॉफ्टवेअरमध्ये ती उघडेलच असे नाही.

अल्फा 0 असला तरी त्या पिक्सेलचे तीन रंग-आकडे फाइलमध्ये असतातच, आणि बहुधा ते 0, 0, 0 असतात. एखादे ॲप जेपीईजी करताना अल्फा नुसताच टाकून देते, तेव्हा हा लपलेला काळा रंग वर येतो. काही सॉफ्टवेअर आधी पांढरी पार्श्वभूमी भरते. तेव्हा काळ्याऐवजी पांढरा चौकोन मिळतो.

गिम्पमध्ये कृती

1. स्कॅन उघडा. ‘लेयर’ मेनूतील ‘ट्रान्सपरन्सी’मध्ये जाऊन ‘ॲड अल्फा चॅनेल’ निवडा. ही पायरी राहिली, तर खोडलेल्या जागी पारदर्शकतेऐवजी पार्श्वभूमीचा रंग भरला जातो.
2. ‘कलर्स’ मेनूतून ‘कलर टू अल्फा’ निवडा आणि पांढरा रंग ठरवा.
3. ‘इमेज’ मेनूतील ‘मोड’ हा ‘आरजीबी’ आहे ना, हे पाहा. ‘इंडेक्स्ड’मध्ये अर्धी पारदर्शकता राहत नाही.
4. ‘फाइल’ मेनूतून ‘एक्स्पोर्ट ॲज’ निवडा आणि नावाच्या शेवटी पीएनजीचे विस्तारनाम लिहा. नुसते ‘सेव्ह’ केल्यास गिम्पची स्वतःची कामाची फाइल तयार होते. तीही जपून ठेवा. दुरुस्ती नेहमी तिच्यातच करावी.

फोटोशॉपमध्ये ‘एक्स्पोर्ट ॲज’ खिडकीत पीएनजी निवडून ‘ट्रान्सपरन्सी’ची खूण असल्याची खात्री करा.

दुसऱ्या पायरीत जादूच्या कांडीने पांढरा भाग निवडून का खोडू नये? कारण शाईच्या कडेचे पिक्सेल शाई आणि कागद यांच्या मिश्रणाचे, म्हणजे राखाडी असतात. ते अपारदर्शकच राहतात आणि पिवळ्या कागदावर सहीभोवती फिकट झालर दिसते. ‘कलर टू अल्फा’ त्या राखाडीतून पांढरा वजा करून अर्धपारदर्शक काळा रंग उरवते. मात्र व्यक्तीच्या छायाचित्रावर हे साधन वापरू नका. चेहऱ्यावरचे उजळ भागही आरपार होतील. तेथे मास्क वापरा.

पाठवताना आणि तपासताना

निर्यात बरोबर झाली तरी वाटेत घात होऊ शकतो. व्हॉट्सॲपवर चित्र ‘फोटो’ म्हणून पाठवले, की ते पुन्हा दाबून जेपीईजी केले जाते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवले तर मूळ फाइल पोहोचते. स्क्रीनशॉटमध्ये अल्फा येत नाही. बिघडलेल्या जेपीईजीला पीएनजीचे नाव दिल्यानेही गेलेली चौथी संख्या परत येत नाही. मूळ फाइलकडेच जावे लागते.

म्हणून पाठवण्यापूर्वी निर्यात केलेली फाइल पुन्हा उघडा आणि तिच्याखाली एकदा गडद, एकदा भडक रंगाचा थर ठेवून पाहा. पांढऱ्यावर न दिसणारी झालर तेथे लगेच दिसते.

एक सावधगिरी: सहीची पारदर्शक फाइल कोणत्याही कागदावर बेमालूम बसते. सही करणाऱ्याची परवानगी घ्या, फाइल समूहावर टाकू नका, आणि शक्य असेल तर छपाईवाल्याला सुटी सही न देता पूर्ण प्रमाणपत्राची पीडीएफ द्या.

स्वाध्याय

1. काळ्या पिक्सेलचा अल्फा 64 आणि खालचा रंग पांढरा असल्यास दिसणारा रंग काढा.
2. निळ्या शाईचा शिक्का स्कॅन करून वरील कृती करा. जादूच्या कांडीने काढलेल्या प्रतीशी तिची गडद रंगावर तुलना करा.
3. एकच पीएनजी ‘फोटो’ आणि ‘डॉक्युमेंट’ अशा दोन्ही रीतींनी स्वतःला पाठवा. मिळालेल्या फाइलींचा प्रकार, आकार आणि पार्श्वभूमी यांची नोंद करा.